म्हशीवरचा बगळा दर वेळी पांढराफटक येतो. मीटरिंग मोड कधी कुठला लावायचा?

उजनीकाठ

नमस्कार मंडळी. मी इंदापूर तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. गेल्या दिवाळीत निकॉन डी ५६०० घेतला, सोबत ७०-३०० ची लेन्स. घरापासून उजनीचा फुगवटा चालत दहा मिनिटांवर. शाळेच्या आधी तासभर आणि रविवारी अख्खी सकाळ मी काठावर असते. फोकस, शटर, अ‍ॅपर्चर हळूहळू हाताशी यायला लागलंय. गाडी अडली आहे ती मीटरिंगपाशी, म्हणजे कॅमेरा उजेड मोजून एक्स्पोजर (फोटोला किती उजेड द्यायचा ते) ठरवतो तिथे.

तीन फोटो सांगते, म्हणजे माझी अडचण कळेल.

पहिला फोटो काठावरचा. सकाळी कोवळ्या उन्हात म्हशी पाण्यावर येतात आणि त्यांच्या पाठीवर गायबगळे. एक बगळा म्हशीच्या कानापाशी वाकून माशी टिपत होता. मॅट्रिक्स मीटरिंगवर घेतला. आयएसओ ४००, एफ ६.३, शटर आलं १/३२०. म्हैस इतकी छान आली की तिच्या कातडीवर वाळलेल्या चिखलाच्या भेगासुद्धा मोजता येतात. पण बगळा म्हणजे पांढरा कागद कापून चिकटवल्यासारखा, एक पीस दिसत नाही. कुणीतरी म्हणालं, स्पॉट लाव. लावला, बगळ्यावर धरला. शटर गेलं १/३२०० वर. आता बगळा राखेत लोळून आल्यासारखा मळकट आणि म्हैस नुसता काळा डाग.

दुसरा. माझी आत्या उंबऱ्यावर बसून सुपात तांदूळ निवडत होती. मी आत माजघरात, तिच्या मागे अंगणात लख्ख ऊन. अंगणातली तुळस सुरेख आली, आत्याचा चेहरा काळाकुट्ट.

तिसरा शाळेच्या स्नेहसंमेलनातला. मागे काळा पडदा, गाणाऱ्या मुलीवर एकच फोकस. चेहरा पिठासारखा पांढरा, नाक-डोळे सगळे सपाट.

मॅट्रिक्स, सेंटर-वेटेड, स्पॉट हे तीन मोड आहेत एवढं पुस्तिकेत वाचलंय. पण कुठल्या दृश्याला कुठला, हे मनात पक्कं बसत नाही. कुणी नीट सांगेल का?

जुना_रोल

ताई, प्रश्न फार चांगला मांडलात. फोटोबरोबर आकडे दिलेत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं.

माझा फलटणला तीस वर्षं स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो आणि आषाढात वारी. आता धंदा मुलगा बघतो. मी ज्या कॅमेऱ्यावर शिकलो त्या निकॉन एफएम२ मध्ये एकच मीटरिंग होतं, सेंटर-वेटेड. मधल्या १२ मिलिमीटरच्या वर्तुळाला ६० टक्के मान आणि उरलेल्या फ्रेमला ४० टक्के. आत तीन लाल खुणा दिसायच्या, अधिक, शून्य, उणे. शून्य पेटलं की दाबायचं. मोड निवडायची सोयच नव्हती, म्हणून मीटर काय सांगतोय ते समजून घेण्यावाचून इलाज नव्हता.

तुमचे दोन आकडे शेजारी ठेवा. १/३२० आणि १/३२००. दोन्हींत सव्वातीन स्टॉपचं अंतर (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). बगळा तोच, म्हैस तीच, ऊन तेच. बरोबर शटर या दोघांच्या मधोमध आहे, १/१००० च्या आसपास. तिथे बगळा पांढरा राहून पिसं दिसतील आणि म्हैस काळी राहून म्हैस दिसेल.

असं का? मीटर वस्तूवरून परत आलेला उजेड मोजतो आणि जे मोजलं ते मध्यम राखाडी व्हावं असं एक्स्पोजर देतो. मध्यम राखाडी म्हणजे साधारण १८ टक्के उजेड परतवणारा रंग. म्हैस पाच टक्क्यांच्या आसपास परतवते, बगळ्याचं पांढरं पीस ऐंशीच्या घरात. फ्रेम म्हशीनं भरली की मीटर म्हशीला राखाडी करायला बघतो, म्हणजे सगळं उजळतो, आणि त्यात बगळा जळतो. स्पॉट बगळ्यावर धरला की बगळ्याला राखाडी करतो. तुमच्या दोन्ही फोटोंत मीटर चुकलेला नाही. त्याला जे दाखवलं ते त्यानं राखाडी करून दिलं.

म्हणून ‘कुठल्या दृश्याला कुठला मोड’ हा प्रश्न मी दुसरा ठेवतो. पहिला प्रश्न हा: मी मीटरला जे दाखवतोय ते मुळात राखाडीपेक्षा किती उजळ किंवा किती गडद आहे? हे ठरलं की तेवढी भर किंवा तेवढी वजाबाकी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशननं (कॅमेऱ्यातल्या अधिक-उणे सोयीनं) करायची. मोड म्हणजे फक्त मीटरनं फ्रेमचा केवढा तुकडा बघायचा ते.

तुमच्या कॅमेऱ्यातला तुकडा किती ते सांगतो. मॅट्रिक्स अख्खी फ्रेम बघतो. त्यासाठी तुमच्या कॅमेऱ्यात २०१६ पिक्सेलचा रंग ओळखणारा वेगळा सेन्सर आहे. तो उजेडाची मांडणी, रंग, फोकस कुठे आहे हे सगळं धरून अंदाज बांधतो. ही पद्धत निकॉननं पहिल्यांदा १९८३ साली एफए कॅमेऱ्यात आणली, तेव्हा फ्रेमचे फक्त पाच तुकडे होते. सेंटर-वेटेडमध्ये मधल्या ८ मिलिमीटरच्या वर्तुळाला ७५ टक्के मान. आणि स्पॉट म्हणजे ३.५ मिलिमीटरचं वर्तुळ, फ्रेमचा जेमतेम अडीच टक्के भाग. हे वर्तुळ तुम्ही निवडलेल्या फोकस पॉइंटबरोबर सरकतं. पण फोकस पॉइंट निवडायचं काम कॅमेऱ्यावर सोडलं असेल तर ते मधेच राहतं. हे तपासून बघा, इथे पुष्कळ लोक फसतात.

बगळ्यासाठी दोन वाटा आहेत. मॅट्रिक्स ठेवा आणि उणे १.७ करा. नाही तर स्पॉट बगळ्यावर धरा आणि अधिक १.७ करा. दोन्ही वाटा त्याच १/१००० वर येतात, हिशोब करून बघा. स्पॉटची वाट जास्त खात्रीची, पण एका अटीवर: वर्तुळ पुरतं बगळ्याच्या अंगावर बसलं पाहिजे. ३०० मिलिमीटरला १५ मीटरवर ते वर्तुळ साधारण साडेसतरा सेंटिमीटरचं होतं, बगळ्याच्या अंगावर मावतं. ३० मीटरवर तेच ३५ सेंटिमीटरचं होतं. मग त्यात म्हशीची पाठही शिरते आणि आकडा भलताच येतो. बगळा लांब असेल तर स्पॉटच्या नादी लागू नका.

आणखी एक, अनुभवाचं. पावसाळ्यात विणीच्या दिवसांत गायबगळ्याच्या डोक्यावर, मानेवर, पाठीवर बदामी-केशरी पिसं येतात. स्पॉट त्या केशरीवर पडला आणि तुम्ही १.७ वाढवलं तर पंख जळतील. मोजायचं ते पंखाच्या पांढऱ्यावर.

आता माझी एक चूक सांगतो, कारण तुमच्या बगळ्यात मला तीच दिसली.

१९९६ ची वारी. लोणंदहून पुढे तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब लागतो. माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण तिथे होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वारकरी उभे, मधून अश्व धावतो. आषाढाचं आभाळ, ऊन नाही पण ढग पांढरे लख्ख. माझ्याकडे शंभर आयएसओचा निगेटिव्ह रोल. दिंडीतल्या एका म्हाताऱ्या विणेकऱ्याचे मी जवळून पाच-सहा फोटो घेतले. पांढरं धोतर, पांढरी बंडी, पांढरी टोपी, गळ्यात वीणा, मागे पांढरं आभाळ. एफएम२ मध्ये शून्य पेटलं की दाबत गेलो. रोल धुतल्यावर निगेटिव्ह इतकी पातळ की आरपार दिसावं. सगळा पांढरा राखाडी झालेला आणि मुळात काळासावळा चेहरा पार बुडालेला. निगेटिव्हला दोन स्टॉप जास्त उजेड पडला तर ती सोसते, कमी पडलेला सोसत नाही. जे उमटलंच नाही ते लॅबवाला कुठून आणणार?

पुढच्या वर्षी ते गृहस्थ दुकानात आले, फोटो बघायला. मी समोर ठेवला. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘धोतर माझंच हाय. तोंड कुणाचं?’ त्या दिवसानंतर मी पांढऱ्या कपड्यांवर मीटर धरून शून्यावर कधी दाबलं नाही. रिंगणाला गेलो की आधी रस्त्याच्या कडेच्या हिरव्या गवतावर मीटर धरायचो. उजेड तोच असेल तर हिरवं गवत राखाडीच्या फार जवळ असतं. तो आकडा पक्का करून ठेवायचा आणि मग कॅमेरा माणसांवर न्यायचा. आजही हे चालतं. तुमच्या काठावर गवत आहेच.

आत्याबाईंचं आणि मुलीचं उद्या लिहितो, मोठं होतंय.

नवशिका_सातारा

काका, मधेच विचारतो, माफ करा. माझ्याकडे कॅनन १५००डी आहे, त्यात स्पॉट सापडतच नाही. कॅमेरा खराब आहे का?

जुना_रोल

नाही, खराब नाही. १५००डी मध्ये स्पॉट दिलेलाच नाही. इव्हॅल्युएटिव्ह (निकॉनच्या मॅट्रिक्ससारखा), पार्शल आणि सेंटर-वेटेड असे तीन आहेत. पार्शल मधला साधारण १० टक्के भाग बघतो. स्पॉटपेक्षा ते वर्तुळ बरंच मोठं, तेव्हा दोन पावलं जवळ जा किंवा झूम करून मोजा, आकडा पक्का करा आणि मग हवी ती चौकट लावा.

पक्का करण्यासाठी अंगठ्याजवळचं चांदणीचं बटण. हे लक्षात ठेवा: इव्हॅल्युएटिव्हमध्ये, वन-शॉट फोकसवर, शटर अर्धं दाबून फोकस लागला की तुमचं एक्स्पोजरही तिथेच धरलं जातं. पार्शलमध्ये तसं होत नाही, ते फोटो निघतानाच ठरतं. म्हणून तिथे चांदणी लागतेच. निकॉनवाल्या ताईंसाठी: तुमच्याकडे अर्ध्या दाबानं फक्त फोकस धरला जातो, एक्स्पोजर नाही. त्यासाठी अंगठ्याखालचं एई-एल बटण.

तुतवार

उजनीला मी दर हिवाळ्यात भिगवण-कुंभारगावला येतो, त्यामुळे हा धागा मन लावून वाचला. काकांच्या हिशोबाशी सहमत. एका बाबतीत माझा अनुभव वेगळा आहे.

पक्षी उडता असेल तर मी स्पॉट मुळीच लावत नाही. उडताना वर्तुळ क्षणात पंखावर, क्षणात पाण्यावर, क्षणात आभाळावर. एकाच उड्डाणाच्या दहा फोटोंत दहा वेगळी एक्स्पोजरं येतात. रोहित (फ्लेमिंगो) काठावर उभे असतात तेव्हा मी एकदा मोजतो, सगळं मॅन्युअलवर टाकतो, म्हणजे आकडे स्वतः ठरवतो, आयएसओ सुद्धा ठरावीक, आणि ऊन बदलेपर्यंत हात लावत नाही. मग पक्षी निळ्या पाण्यावरून जावो की पांढऱ्या आभाळावरून, त्याच्या अंगावरचं ऊन तेच असतं, त्यामुळे फोटोही बरोबर येतो.

फक्त एक पाहा. मॅन्युअल लावलं आणि आयएसओ ऑटोवर राहिला तर मीटर मागच्या दारानं परत आत येतो, एक्स्पोजर तोच बदलत राहतो. मी एक अख्खा मोसम या चुकीत घालवला. मॅन्युअल आहे म्हणून निश्चिंत होतो आणि फोटो मात्र एक उजळ, एक काळा.

हल्लीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत चौथा मोडही असतो, हायलाइट-वेटेड. फ्रेममधला सगळ्यात उजळ भाग जळू नये एवढंच तो बघतो. निकॉननं तो २०१४ मध्ये डी ८१० वर आणला, पुढे डी ७५०० मध्येही आला. सोनीच्या ए७ तीनमध्येही आहे. काळ्या पाण्यावरचा पांढरा बगळा, रंगमंचावरचा माणूस, अशा वेळी फार कामाचा. फोटो एकूण गडद येतो, पण रॉ मध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) घेतला असेल तर सावल्या नंतर उचलता येतात. जळालेलं पीस मात्र परत आणता येत नाही. ताईंच्या डी ५६०० मध्ये हा मोड नाही, पण फोटो काढून झाला की हायलाइटचा डिस्प्ले चालू करून बघा. जळालेला भाग लुकलुकतो. बगळा लुकलुकला की आणखी एक-तृतीयांश खाली.

जुना_रोल

उडत्या पक्ष्याबद्दल तुतवारांचं म्हणणं मान्य. मी उडते पक्षी कधी फारसे टिपले नाहीत, धावता अश्व टिपला, आणि तिथेही मॅन्युअलच.

आता आत्याबाई. माझ्या मते तीन फोटोंतला सगळ्यात महत्त्वाचा फोटो हाच. बगळा उद्या परत येईल.

मागे ऊन आणि पुढे सावलीतला माणूस, तर स्पॉट. हे दृश्य स्पॉटसाठीच आहे. अंगण आणि चेहरा यांत चार-पाच स्टॉपचा फरक सहज पडतो आणि मॅट्रिक्स दोघांना सांभाळायला जातो. फोकस पॉइंट चेहऱ्यावर ठेवा, डोळ्याखालच्या गालावर. कपाळावर नको, तिथे कुंकू आणि चमक दोन्ही असतं. एई-एल दाबून धरा आणि घ्या. अंगण पांढरं होईल, तुळस जळेल. जळू द्या. फोटो आत्याबाईंचा आहे.

आता जे सांगतो ते मला मनापासून सांगायचंय. गालावर स्पॉट धरलात की कॅमेरा तो गाल मध्यम राखाडीएवढा उजळ करणार. गव्हाळ रंग असेल तर बहुधा बरोबरच येईल. पण आत्याबाई उन्हातान्हात रापलेल्या, सावळ्या असतील तर शून्यावरचा फोटो त्यांना आहेत त्यापेक्षा उजळ दाखवेल. तिथे उणे ०.३ किंवा ०.७ करा. आमच्या धंद्यात वर्षानुवर्षं नवरीचा फोटो दोन पायऱ्या उजळ छापायची पद्धत होती, गिऱ्हाईक खूश व्हायचं. मीही छापले. आज ते जुने अल्बम बघताना वाईट वाटतं, कारण त्या मुली तशा दिसतच नव्हत्या. सावळं माणूस सावळंच सुंदर दिसतं, फक्त त्या रंगातले बारकावे टिकले पाहिजेत. गालाचं हाड, डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, हनुवटीवरचं गोंदण. हे सगळं एक-तृतीयांश स्टॉपच्या आत असतं.

रंगाचा अंदाज येत नसेल तर तळहात. त्यांना म्हणा, आत्या, हात चेहऱ्याजवळ धर, तळवा माझ्याकडे. माणूस गोरा असो की काळा, तळव्याच्या उजळपणात फार फरक नसतो. तो राखाडीपेक्षा अंदाजे पाऊण ते एक स्टॉप उजळ. तळव्यावर स्पॉट, अधिक ०.७ ते १, एई-एल, मग हात खाली घ्यायला सांगा. तळवा चेहऱ्यावर पडणाऱ्याच उजेडात हवा. तुम्ही माजघरात उभ्या राहून स्वतःचा तळवा मोजलात तर ते आतल्या अंधाराचं मोजमाप झालं.

आणि काम झालं की कॉम्पेन्सेशन शून्यावर आणा. कॅमेरा बंद केला तरी तुमच्याकडे ते आपोआप जात नाही. बगळ्याचं उणे १.७ तसंच राहिलं तर आत्याबाई परत काळोखात.

सेंटर-वेटेड कधी, हेही विचारलं होतंत. एकटा माणूस, मधोमध, मागे साधं शेत किंवा भिंत, अशा फोटोला मी आजही तेच लावतो. मॅट्रिक्स जास्त हुशार आहे, पण त्यानं कशाचा विचार करून काय ठरवलं ते मला कळत नाही, त्यामुळे किती भर घालू तेही कळत नाही. सेंटर-वेटेडचं वागणं ठरलेलं असतं. डोंगर, शेतं, बाजार, जिथे उजेड सगळीकडे सारखा पसरलाय आणि सारखा बदलतही नाही, तिथे खुशाल मॅट्रिक्स.

कुडाळचो_झील

स्टेजबद्दल मी सांगतो, कारण दशावताराचे फोटो काढत मी दहा वर्षं रात्री जागवल्यात.

देवळासमोरचा मांड, मागे काळोख किंवा गडद पडदा, मधे रंगवलेला चेहरा. मॅट्रिक्सला बघायला काळोखच जास्त, म्हणून तो सगळं उजळतो आणि राजाचा चेहरा पांढरा पडतो. तुमच्या मुलीचं झालं ते हेच. उलट संकासुर आला की काळा वेष, काळा मुखवटा, त्याच्यावर स्पॉट धरलात तर मागची सगळी रात्र राखाडी होते. म्हणून मी दर पात्रावर वेगळं मोजतच नाही. सुरुवातीला गणपती येतो, तेव्हा एकदा रंगवलेल्या चेहऱ्यावर स्पॉटनं मोजतो. रंग उजळ असतो म्हणून अधिक १ धरतो, आणि मॅन्युअलवर टाकतो. दिवे रात्रभर तेच असतात. मग राजा येऊ दे, राक्षस येऊ दे, स्त्रीपार्टी येऊ दे, आकडे तेच. शाळेच्या फोकसखाली उभ्या मुलीलाही हेच लागू, फक्त तिचा चेहरा रंगवलेला नसेल तर अधिक १ नको, काकांनी सांगितलंय तसं.

एक गोष्ट कुणी बोललं नाही. स्टेजवर ट्यूब किंवा स्वस्तातले एलईडी असतील तर आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/५०० ठेवलंत तर एक फोटो उजळ, पुढचा काळा, आणि माणूस समजतो मीटर बिघडला. १/१०० किंवा १/५० ठेवा, हा चढउतार थांबतो. गाणारी मुलगी एका जागी उभी असते, १/१०० पुरतं. नाचणारी असेल तर कठीण, तिथे चांगले दिवे मागावे लागतात. शाळेला सांगून बघा, जुना हॅलोजन मिळाला तरी चालेल.

उजनीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे उत्तर दिलं नाही, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

रविवारी पाच वाजता उठून गेले. आधी गवतावर मोजलं, काकांनी सांगितलं तसं. आयएसओ ४००, एफ ६.३, शटर १/१०००. तोच आकडा आला जो तुम्ही कागदावर काढला होता! खरं सांगते, अंगावर काटा आला. मॅन्युअलवर टाकलं, आयएसओचा ऑटो बंद केला. बगळा म्हशीवर होता तेव्हा घेतला, मग तो उडून वाळलेल्या पाणकणसांत बसला तेव्हा घेतला, मग पाण्याच्या कडेला. तिन्हीकडे तोच बगळा, तेवढाच पांढरा. मॉनिटरवर मोठा करून बघितला तर पंखाच्या टोकाला पिसांच्या कडा एकेक दिसतात, एका पिसाला चिखल लागलाय तोही. म्हैस पहिल्या फोटोपेक्षा गडद आली, पण ती आता काळी दिसते. आधीची राखाडी होती हे मला तेव्हा कळलंच नव्हतं.

आठच्या सुमारास एक गडबड झाली. ऊन चढलं आणि मी आकडा तसाच ठेवला होता. शेवटचे बारा फोटो एक स्टॉप उजळ आले, बगळा लुकलुकायला लागला. आता दर पंधरा मिनिटांनी गवताकडे परत जाते.

काल आत्याकडे गेले होते. परत उंबऱ्यावर बसवलं, परत सूप दिलं. तळहात दाखव म्हटलं तर आधी तिला वाटलं मी भविष्य बघतेय. तळव्यावर स्पॉट, अधिक ०.७, एई-एल. मग चेहरा. हनुवटीवरच्या गोंदणाचे तीन ठिपके आलेत, ते मी इतक्या वर्षांत नीट पाहिले नव्हते. अंगण पार पांढरं झालंय, तुळस दिसतच नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

प्रिंट काढून तिला दिली. तिनं चष्मा लावला, फोटो दाराशी उजेडात नेला आणि कितीतरी वेळ सुपाकडेच बघत राहिली. मग बोट ठेवून म्हणाली, ‘ह्यो बघ, खडा ऱ्हायलाय.’